बॅकअप आहे म्हणता, पण तो परत येतो का?

माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे इंदुरात ओळखीच्या कुणाचा कंप्युटर रुसला की पहिला फोन मला येतो. समोरचा विचारतो, "दुरुस्त होईल ना?" आणि मी विचारतो, "बॅकअप आहे का?" यावर साधारण तीन उत्तरं मिळतात. 'म्हणजे काय?', 'डी ड्राइव्हमध्ये टाकलंय सगळं' आणि 'गूगलवर असेल की!' पहिलं उत्तर प्रामाणिक आहे. जास्त नुकसान बाकीच्या दोन उत्तरांनी होतं.

आपल्याकडे कंप्युटर घेताना दुकानदारच एका हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देत आला आहे. विंडोज बिघडली आणि नव्याने टाकली, तर डीमधलं वाचतं, हे खरं. पण डिस्कच गेली तर? एकाच कपाटाचे हे दोन खण आहेत. कपाटाला वाळवी लागली की दोन्ही खण जाणार.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांचं मुख्य काम आहे सिंक, म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. तुम्ही इथे फाइल पुसली की ते तिथेही इमानदारीने पुसतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग जाते. चुकीने उडालेला फोल्डर दिवाळीला आठवला आणि तो उडाला होता गणपतीत, तर संपलं. शिवाय फुकटची जागा गूगलवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ त्यात मावत नाहीत.

आमच्या नात्यातल्या एका काकांनी निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद स्कॅन केले, चार शहरांतल्या नातेवाइकांकडून नावं आणि फोटो मिळवले. काका व्यवस्थित माणूस. बाहेरची हार्ड डिस्क घेऊन रोज कॉपी करायचे. पण ती डिस्क कंप्युटरला कायम लावलेली असे. घरात कुणीतरी कुठल्याशा सॉफ्टवेअरची फुकटची प्रत उतरवली, तिच्याबरोबर खंडणीखोर व्हायरस आला आणि एका रात्रीत सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. डिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या अशाच व्हायरसने जगभरची कंप्युटरं बंद पाडली होती, ते अनेकांना आठवत असेल. काकांची काही प्रकरणं वाचली, कारण ती त्यांनी पुण्याच्या पुतणीला तपासायला ईमेलने पाठवली होती. मोडी कागदांचे मूळ गठ्ठे घरात होते, ते पुन्हा स्कॅन झाले. पण लोकांनी एकदा दाखवून परत नेलेले फोटो? त्यांतली दोन घरं आता विकली गेली आहेत.

म्हणून माझं मत असं की सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न दुसरा. प्रती किती आणि त्या कुठे, हा पहिला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम इथे पुरतो. एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली १ घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरच हवी असं नाही. बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्कही चालते, भाऊबीजेला अदलाबदल करता येते.

आता सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय २०१२ पासून आहे, फुकट आहे आणि बहुतेक घरांना पुरते. बाहेरची डिस्क लावली की ती मूळ सेटिंगनुसार दर तासाला बदललेल्या फाइली उचलते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. हे महत्त्वाचं, कारण फाइल बिघडल्याचं महिन्याने कळलं तरी चांगली प्रत मागे जाऊन काढता येते. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये दडवून ठेवली आहे, शोधावी लागते. आणि एक मेख आहे. ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागा बघते. डी ड्राइव्हमधला तुमचा 'आईचे फोटो' फोल्डर तुम्ही लायब्ररीत जोडल्याशिवाय ती हातही लावणार नाही. मॅक असेल तर टाइम मशीन चालू करा आणि विसरा. त्यापेक्षा सोपं काही मी पाहिलेलं नाही.

घराबाहेरच्या प्रतीसाठी मी डुप्लिकाटी वापरतो. मुक्त स्रोत, फुकट. ते फाइली आधी पासवर्डने बंद करतं, मग इंटरनेटवरच्या तुमच्या जागेत पाठवतं आणि नंतर फक्त बदल पाठवतं. पहिली खेप मात्र जड असते. २०० जीबी माल आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस, तर सलग २२ तासांहून जास्त लागतात. शनिवारी रात्री सुरू करा. अख्खा कंप्युटर विंडोजसकट जसाच्या तसा उतरवून ठेवायचा असेल तर वीम एजंटची फुकट आवृत्ती चांगली आहे, पण घरी त्याची गरज क्वचितच पडते. विंडोज पुन्हा टाकता येते हो, आजीचा आवाज नाही.

सॉफ्टवेअर 'यशस्वी' म्हणतं, त्यावर विश्वास ठेवू नका. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे नंतर कळलं. गॅलिन सुसमन यांचं बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत, त्यांच्या घरच्या कंप्युटरवर प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही कथा. आपण तीन महिन्यांतून एकदा कुठलीही पाच फाइली निवडून, शक्यतो दुसऱ्या कंप्युटरवर, परत आणून उघडून बघाव्यात. वेळ लागतो दहा मिनिटं.

उघडून बघताना मराठी घरांत एक खास अडचण निघते. वडिलांच्या पिढीने श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, भाषणं, मंडळाचे अहवाल. फाइल शाबूत असते, पण फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे अशा फाइलींबरोबर तो फॉन्टही बॅकअपमध्ये ठेवा, आणि जुना कंप्युटर चालू आहे तोवर प्रत्येक फाइलीची पीडीएफ करून घ्या. हे काम आजोबांना शेजारी बसवून केलं तर कुठला अहवाल कुठल्या सालचा, हेही कळतं.

राहिला पासवर्ड. डुप्लिकाटीचा पासवर्ड हरवला तर तो बॅकअप तुम्हीही उघडू शकत नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप बिटलॉकरने बंद झालेली असते, तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आजच बघा. दोन्ही कागदावर लिहा. आमच्याकडे तो कागद बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत आहे आणि त्यावर आईच्या अक्षरात 'कंप्युटर' असं लिहिलेलं आहे, म्हणजे मी गावाला असलो तरी तो सापडेल.