ताट परत जाते तेव्हा

पेडण्याहून बेळगावला शिकायला आले, तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत डिचोलीची एक मुलगी होती. सुट्टी लागली की आम्ही दोघी चोर्ला घाटातून एकाच बसने घरी जात असू. ती डिचोलीला उतरे, मी पुढे म्हापशाला बस बदलत असे. परत येताना तिच्या पिशवीत जत्रेचे खाजे हमखास असे.

दुसऱ्या वर्षी ते खाजे ती आम्हांला वाटून टाकू लागली. स्वतः मात्र एक तुकडाही खात नसे. कधी सोमवार, कधी संकष्टी, कधी ‘पोट बरे नाही’. आणि आम्ही काय केले? ‘किती बारीक झालीस गं!’ म्हणून तिचे कौतुक केले. पुढे ती भोजनगृहाच्या दारात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

मित्रमैत्रिणींनो, हा नखरा नव्हे, हा आजार आहे. त्याचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी 1873 साली त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. म्हणजे हे आजकालचे खूळ नव्हे. यात भूक लागत नाही असे नाही. वजन वाढेल ही भीती भुकेवर मात करते. हाडे दिसू लागली तरी आरशात आपण जाडच वाटतो. दुसरा प्रकार बुलिमिया. 1979 साली डॉ. जेराल्ड रसेल यांनी तो वेगळा ओळखला. यात माणूस चोरून भराभर खातो आणि मग पश्चात्तापाने ओकून टाकतो. त्याचे वजन बहुधा बेताचेच असते, म्हणून कोणाला संशय येत नाही.

उपासमारीने मासिक पाळी थांबते, थंडी वाजते, केस गळतात, नाडी मंदावते. वारंवार ओकल्याने दात झिजतात, रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. मुलगेही यातून सुटलेले नाहीत.

आपण म्हणतो, ‘मन खंबीर कर आणि जेव.’ पण उपाशी मन खंबीर होणार कसे? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. पण त्याहून मोठा बदल मनात झाला. हे धडधाकट तरुण चिडखोर, उदास, एकलकोंडे बनले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत! हे वाचले आणि मला ते वाटून टाकलेले खाजे आठवले. मन बिघडले म्हणून जेवण सुटते हे खरे. पण जेवण सुटले म्हणून मन आणखी बिघडते, हेही तितकेच खरे. म्हणून उपचारात आधी पोषण सावरावे लागते आणि जोडीला समुपदेशन लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट जेवू घालणेही धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

आपल्याकडे अडचण लाजेची आहे. ‘मनाचा डॉक्टर’ म्हटले की घरचे दचकतात. लग्न जुळायचे कसे, ही चिंता आधी. पण प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगता येते. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.

मैत्रिणीने ताट सारखे परत पाठवले, जेवण होताच ती न्हाणीघरात जाऊ लागली, तर तिला रागावू नका, तिच्या अंगावर शेरे मारू नका. एकांतात विचारा, ‘तुला काय होतंय?’ आणि घरच्या किंवा विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. ती चहाडी नव्हे.

माझी मैत्रीण बरी झाली; तिचे एक वर्ष मात्र वाया गेले. आता ती खाजे वाटते, तेव्हा पहिला तुकडा स्वतः खाते. आणि आम्ही कोणाच्या बारीकपणाचे कौतुक करायचे सोडून दिले आहे.