शोभिका टंक आणि सार्वजनिक संग्रह : सॉफ्टवेअर सुपूर्द करण्याच्या प्रक्रियेचा परिचय

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तृतीय वर्षाचे प्रकल्प दरवर्षी तपासले जातात, त्यांना गुण मिळतात आणि नंतर ते विभागाच्या कपाटात पडून राहतात. मीरा-भाईंदर परिसरातील आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मराठी ग्रंथातील शब्दसूची अकारविल्हे लावणारी छोटी आज्ञावली लाटेक प्रणालीसाठी तयार केली होती. एका सहकाऱ्यांना प्रबंधासाठी तिची गरज भासली, तेव्हा सीडी वाचली जाईना. वाचली गेली असती तरी ती वापरण्याची परवानगी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न उरलाच असता. अशा कामास सार्वजनिक संग्रहात स्थान कसे मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

सार्वजनिक संग्रहाचे स्वरूप

डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीशी संबंधित साहित्य एकत्र ठेवण्यासाठी १९९२-९३ च्या सुमारास ‘सीटॅन’ हा संग्रह उभा राहिला. सांख्यिकीच्या प्राध्यापकांना परिचित असलेल्या आर भाषेचा ‘क्रॅन’ हा संग्रह १९९७ मधील होय. एखाद्या संकेतस्थळावर फाइल ठेवणे आणि अशा संग्रहात ती सुपूर्द करणे यांत मोठा फरक आहे. संग्रहाच्या प्रती जगभरातील अनेक सर्व्हरवर असतात. प्रत्येक पॅकेजास नाव, आवृत्ती, कर्ता आणि परवाना यांची नोंद असते. कर्त्याचे महाविद्यालय बदलले, तरी नोंद जागेवर राहते.

शोभिकाचे उदाहरण

आयआयटी मुंबईतील ‘सायन्स अँड हेरिटेज इनिशिएटिव्ह’ या उपक्रमातून शोभिका हा टंक तयार झाला. त्यात देवनागरीची १६०० हून अधिक अक्षररूपे असून त्यांपैकी ११०० हून अधिक जोडाक्षरांसाठी आहेत. वैदिक स्वरचिन्हे आहेत, तसेच संस्कृतच्या रोमन लिप्यंतरासाठी लागणारी चिन्हेही आहेत. हा टंक सीटॅनवर उपलब्ध आहे आणि टेक लाइव्ह या वितरणातही समाविष्ट आहे. संस्कृत वा मराठीचा अभ्यासक तो कोणाचीही परवानगी न मागता वापरू शकतो.

परंतु शोभिका शून्यातून निर्माण झालेला नाही. त्याचा देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या टंकावर, तर रोमन भाग पॅराटाइप संस्थेच्या ‘पीटी सेरिफ’वर आधारलेला आहे. हे दोन्ही टंक ‘एसआयएल ओपन फाँट’ परवान्याखाली प्रकाशित झाले होते, म्हणूनच पुढील काम शक्य झाले. या परवान्यानुसार टंक वापरता येतो, बदलता येतो आणि वाटताही येतो. मात्र तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, आणि बदललेला टंक त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मूळ कर्त्याने एखादे नाव राखून ठेवले असल्यास ते परवानगीवाचून घेता येत नाही. मराठीसाठी शासकीय संस्थेने केलेले काम संस्कृतच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले, त्याचे कारण परवान्याचा तो मजकूर होय. आपल्याकडे नेमका हाच कागद प्रकल्पासोबत नसतो.

सुपूर्द करण्याची प्रक्रिया

सीटॅनची प्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे. पॅकेजाचेच नाव असलेल्या एका फोल्डरमध्ये सर्व साहित्य ठेवून त्याची झिप फाइल करावयाची. फोल्डरमध्ये ‘रीडमी’ ही साध्या मजकुराची फाइल, मूळ आज्ञावली आणि शक्यतो पीडीएफ स्वरूपातील माहितीपुस्तिका असावी. संगणकाने काम करताना निर्माण केलेल्या लॉग वगैरे तात्पुरत्या फाइली काढून टाकाव्यात. संकेतस्थळावरील अर्जात नाव, आवृत्ती, कर्ता, ई-मेल, एका ओळीचे वर्णन आणि परवाना भरावा लागतो. नाव आधीच कोणी घेतलेले नसावे. त्यानंतर संग्रहाचे स्वयंसेवक साहित्य पाहतात आणि त्रुटी असल्यास कळवतात. ही मांडणीची तपासणी असते; आज्ञावली बरोबर आहे की नाही याची ग्वाही त्यातून मिळत नाही. त्यामुळे तिला समीक्षित शोधनिबंधाच्या पंक्तीस बसवण्याची घाई करू नये. टेक लाइव्हमध्ये समावेश व्हावा अशी इच्छा असेल, तर परवाना मुक्त स्वरूपाचाच हवा.

क्रॅनचे नियम अधिक कडक आहेत. तेथे पॅकेजावर ठरावीक चाचण्या चालवल्या जातात, आणि पुढे त्या अयशस्वी ठरू लागल्या व कर्त्याने दुरुस्ती केली नाही, तर पॅकेज चालू यादीतून काढून जुन्या साहित्यात टाकले जाते. कर्त्याचा ई-मेल बंद पडला तरी तीच गत होते. महाविद्यालयाने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद होतो, हे लक्षात घेता विद्यार्थ्याने स्वतःचा कायमचा पत्ता द्यावा.

येथे एक नाजूक बाबही नोंदवणे आवश्यक वाटते. आज्ञावली विद्यार्थ्याने लिहिली असेल, तर कर्ता म्हणून त्याचेच नाव जावे. मार्गदर्शकाचा उल्लेख रीडमीतील ऋणनिर्देशात करता येतो. पदोन्नतीच्या गुणांसाठी हा क्रम उलटा करण्याचा मोह होऊ शकतो, आणि तो अयोग्य आहे.

उपरोक्त विद्यार्थिनीशी आता संपर्क झाला आहे. तिची मूळ आज्ञावली एका जुन्या पेन ड्राइव्हवर सापडली. रीडमीचे मराठी व इंग्रजी मसुदे विभागाने तयार केले आहेत; परवान्याची निवड मात्र तिने करावयाची आहे.