शून्यावर परतणारा काटा

जुन्या यांत्रिक क्रोनोग्राफ घड्याळातला सर्वांत कल्पक भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि त्याचा आकार हृदयासारखा असतो. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ. बटण दाबले की त्याचा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. पण थांबलेला काटा सातव्या सेकंदावर असो वा त्रेपन्नाव्या, तो एका झटक्यात नेमका शून्यावर आणायचा कसा?

घड्याळजी निकोला रियुसेकने 1821 मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतींची वेळ मोजली, तेव्हा त्याच्या यंत्रात फिरत्या तबकडीवर शाईचे ठिपके उमटत. काटा शून्यावर आणण्याची युक्ती निघाली ती नंतर. मूळचा स्विस आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला कारागीर अदोल्फ निकोल याने 1844 मध्ये तिचे पेटंट घेतले. काट्याच्या आसावर त्याने हृदयाकृती कॅम बसवला. बटण दाबले की एक चपटी हातोडी या कॅमच्या कडेवर आदळते. हृदयाच्या टोकापासून खाचेपर्यंत कडेचे केंद्रापासूनचे अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच घटत जाते. डोंगराच्या कोणत्याही अंगावर पाऊस पडला तरी पाणी उताराची वाट धरते, तशी हातोडी कडेवर कुठेही पडली तरी कॅमला फिरवत खाचेपाशीच स्थिरावते. काटा शून्यावर येतो. आजचे यांत्रिक क्रोनोग्राफही याच भूमितीवर चालतात.

चालत्या घड्याळाला जोडणी

दुसरी अडचण ऊर्जेची. मुख्य कमानीत साठलेल्या शक्तीवर घड्याळ चालू असते. त्याच चाकांना अचानक आणखी एक काटा जोडायचा आणि वेळ मात्र चुकू द्यायची नाही. जुन्या रचनेत एक बारीक दात्यांचे चाक आडवे सरकून दुसऱ्यात अडकते. दात्यावर दाता आला तर काटा सुरू होताना किंचित उडी मारतो. भार वाढल्यामुळे घड्याळाची गती राखणाऱ्या बॅलन्स व्हीलचा झोकाही थोडा कमी होतो. ही जोडणी घडवणाऱ्या तरफांच्या हालचाली कॉलम व्हील ठरवते. या चाकावर उभे खांब असतात. तरफेचे टोक खांबावर टेकले की एक क्रिया होते, दोन खांबांच्या मधल्या फटीत उतरले की दुसरी.

मोजमापाची सूक्ष्मता ठरते ती बॅलन्सच्या ठोक्यांवर. ताशी 18,000 ठोके म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून अशा घड्याळाला सेकंदाचा पाचवा भागच मोजता येतो. 1969 मध्ये आलेल्या झेनिथच्या एल प्रिमेरो मशीनने ताशी 36,000 ठोके गाठले आणि मनगटावर सेकंदाचा दहावा भाग मोजता येऊ लागला.

या यंत्रणेची खरी परीक्षा नासाने घेतली. 71 अंश सेल्सिअसमध्ये 48 तास आणि त्यानंतर 93 अंशांत अर्धा तास, शिवाय थंडी, निर्वात पोकळी, आर्द्रता, धक्के, कंपने. या सगळ्यातून ओमेगाचे स्पीडमास्टर क्रोनोग्राफ तरले आणि 1 मार्च 1965 रोजी अंतराळवीरांसाठी मान्य झाले. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या परतीच्या प्रवासात मार्ग सुधारण्यासाठी इंजिन 14 सेकंद चालवायचे होते. ते सेकंद अंतराळवीर जॅक स्विगर्टने मनगटावरच्या घड्याळावर मोजले.

न चमकणारे रेडियम

अशी जुनी घड्याळे जमवणाऱ्या संग्राहकाला पदार्थविज्ञानाची सर्वांत जास्त गरज पडते ती तबकडी पाहताना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक घड्याळांचे आकडे रेडियम आणि झिंक सल्फाइडच्या मिश्रणाने रंगवलेले असत. रेडियम-226 चा अर्धायुकाल सुमारे 1,600 वर्षे. पण अल्फा कणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही दशकांतच निकामी होतात. म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सार जवळपास तेवढाच राहतो. रंगकामाचा ब्रश ओठांनी टोकदार करणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींनी त्याची किंमत प्राणांनी मोजली. काच अल्फा कण अडवते. खरा धोका आहे तो सुटलेला रंग धूळ होऊन श्वासात वा पोटात जाण्याचा. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये आणि त्याचा रंग खरवडू तर अजिबात नये.

1960 च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचा अर्धायुकाल 12.3 वर्षांचा. 1965 च्या तबकडीवर आज मूळ ट्रिटियमचा साधारण तिसावा भागच उरला आहे. त्यामुळे त्या काळचे म्हणून दाखवलेले घड्याळ रात्रभर लख्ख उजळत असेल, तर त्यावर रंग नंतर चढवला आहे, हे पक्के समजावे.

विकत घेण्याआधी

आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून देण्याचा धंदा इतका चालला, की अशा घड्याळांना परदेशातले संग्राहकही ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात. रोज वापरायला ती चालतील. मूळ वस्तू म्हणून त्यांना मोल देऊ नये. तबकडीवर भाळण्याआधी बटणे दाबून पाहावीत. काटा सुरू होताना फार उडी घेतो का? परत येताना नेमका शून्यावर थांबतो का? क्रोनोग्राफची मिनिटे मोजणारा काटा साठाव्या सेकंदालाच पुढे सरकतो का? क्रोनोग्राफ चालू केल्यावर घड्याळ मंदावते का? मागचे झाकण घड्याळजीकडून उघडून घ्यावे आणि मशीन पाहूनच किंमत ठरवावी. केसला पॉलिश करण्याचा मोह टाळावा, कारण घासून गेलेली कड परत येत नाही.

आणि घेतलेले घड्याळ नुसते कपाटात ठेवू नये. आतले तेल वाळते, मग चालवताना धातू धातूवर घासतो आणि शंभर वर्षे टिकू शकणारे चाक काही वर्षांत झिजते. क्रोनोग्राफ उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा जुळवू शकणारे घड्याळजी आता कमी होत चालले आहेत. संग्राहक घड्याळ त्यांच्याकडे नियमित नेत राहिला, तरच त्यांचे कौशल्य पुढच्या हातांना मिळेल आणि घड्याळही चालते राहील. ही जबाबदारी घेणाऱ्यालाच संग्राहक म्हणावे.