स्विचचं झाकण बदलताना

मोटारसायकलच्या हँडलवरच्या स्विचचं झाकण उन्हानं पांढरं पडतं, कधी गाडी आडवी होऊन तडकतं. नवं बसवणं अवघड नाही. घाई मात्र नडते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बहुतेक गाड्यांत झाकणाची दोन शकलं खालून दोन स्क्रूंनी आवळलेली असतात. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा, नाहीतर स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि गॅरेजची फेरी आलीच.

शकलं सुटली की ओढू नका. इंडिकेटरच्या बटणामागे बारीक स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा असू शकतो. माझा एकदा टुणकन उडून मोरीत गेला. तेव्हापासून मी खाली जुनी चादर पसरतो आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढतो.

उजवीकडे बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबलही त्याच खोक्यात असते. झाकणाच्या आत खुंटी असेल तर ती हँडलच्या भोकात बसलीच पाहिजे. नाहीतर अख्खा स्विच फिरत राहतो. वायर कडेत चिमटू देऊ नका. प्लॅस्टिकचे आटे पटकन जातात, म्हणून स्क्रू हलक्या हातानं आवळा. मग इंजिन बंद ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. ॲक्सिलरेटर सोडताच खटकन मागे यायला हवा.