अँबू बॅगची झडप आणि बाजाराचा परवाना

श्वास थांबलेल्या किंवा अपुरा पडू लागलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात हाताने दाबून हवा भरणारी जी पिशवी रुग्णवाहिकेत आणि अतिदक्षता विभागात हाताशी ठेवलेली असते, आणि जिला भारतातील डॉक्टर व परिचारिका सरसकट ‘अँबू बॅग’ म्हणतात, ती डेन्मार्कमध्ये होल्गर हेसे आणि भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी घडवली व १९५६ मध्ये ती बाजारात आली. या पिशवीच्या उच्छ्वासाच्या मार्गावर ‘पीप व्हॉल्व्ह’ नावाची एक छोटी झडप बसवता येते. तिच्यातील स्प्रिंग टोपण फिरवून घट्ट वा सैल करता येत असल्यामुळे उच्छ्वास संपतानाही फुफ्फुसात ठरावीक दाब, सामान्यतः ५ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, शिल्लक राहतो. हा दाब नसेल तर आजारी, पाणावलेल्या फुफ्फुसातील वायुकोश, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळण्याच्या सूक्ष्म पोकळ्या, प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात. तो प्रमाणाबाहेर वाढला तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब घसरतो.

एवढ्याशा सुट्या भागालाही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, अर्थात एफडीएने, पिशवीपासून वेगळे नियम-कलम दिले आहे, आणि दोन्ही वस्तू मध्यम जोखमीच्या दुसऱ्या वर्गात ठेवल्या आहेत. या वर्गातील बहुतेक उपकरणांची वाट ‘५१०(के)’ या कलमातून जाते: विक्रीच्या किमान ९० दिवस आधी उत्पादकाने प्रशासनाला अर्ज करायचा आणि आपली वस्तू बाजारात कायदेशीरपणे असलेल्या एखाद्या जुन्या वस्तूशी उपयोग, रचना व सुरक्षितता या बाबतींत सारभूतपणे समतुल्य आहे, हे दाखवून द्यायचे. अशा झडपेसाठी रुग्णांवरील चाचण्या सहसा लागत नाहीत. पुरावा प्रयोगशाळेतला असतो. टोपण १० वर असताना हवेचा प्रवाह मंद असो वा जोरदार, दाब १० च्या आसपासच राहतो का आणि १५ व २२ मिलिमीटरचे प्रमाणित शंकूच्या आकाराचे सांधे नीट बसतात का, असे प्रश्न तिथे तपासले जातात. खुद्द पिशवीसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक तर अधिक रोखठोक आहे: ती एक मीटरवरून पडली तरी चालली पाहिजे, आणि रुग्णाच्या उलटीने झडप तुंबली तर २० सेकंदांत पूर्ववत झाली पाहिजे. (मानके लिहिणाऱ्यांनी रुग्णवाहिका आतून पाहिलेली असावी.)

स्प्रिंग आणि चकती एवढ्यावर चालणाऱ्या वस्तूसाठी तुलनेची ही पद्धत पुरेशी आणि शहाणपणाची आहे; अडचण आहे ती तुलनेच्या साखळीत. नवी वस्तू जुनीशी, ती आणखी जुनीशी, असे मागे जात ही साखळी २८ मे १९७६ च्या, म्हणजे अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचा कायदा लागू होण्याच्या, पूर्वीच्या वस्तूंपर्यंत पोहोचू शकते, आणि त्या मूळ वस्तूंपैकी अनेकांची सुरक्षितता कोणी पद्धतशीरपणे तपासलेलीच नसते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये याच कारणासाठी ही पद्धत बदलण्याची शिफारस केली, परंतु गाभा तोच राहिला. शिवाय ‘५१०(के)’ मिळाले म्हणजे सरकारने वस्तूला मान्यता दिली, असे भासवणे अमेरिकी नियमांनुसार दिशाभूल ठरते. भारताच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत मात्र, अमेरिकेसह काही ठरावीक देशांत मुक्त विक्रीचे प्रमाणपत्र मिळालेल्या उपकरणाला येथे पुन्हा रुग्णांवरील तपासणी न करता आयात परवाना देण्याची सोय आहे.