टेम्पोच्या बाजूचा मांडव : स्वस्त आणि टिकाऊ कसा निवडायचा?

आजचा विषय साधा आहे, पण गटाच्या कमाईशी थेट जोडलेला आहे. आठवडी बाजाराला, जत्रेला आपण छोट्या टेम्पोतून माल नेतो. कुणाचे पापड-कुरडया, कुणाचे मसाले, कुणाच्या गोधड्या, तर कुणाचं गरम पिठलं-भाकरी. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बांधलेला स्टॉल मिळतो. जत्रेत मात्र मिळते ती मोकळी जागा. सावली आपली आपणच करायची. मग टेम्पोच्या बाजूला ताडपत्री ताणायची आणि तिच्याखाली दुकान मांडायचं.

ही ताडपत्री घ्यायला गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला?" मी म्हणते, तो प्रश्न शेवटी विचारा. त्याआधी पाच गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली गोष्ट : टेम्पो दिवसभर तिथंच थांबणार आहे का? गाडी गटाची असेल किंवा दिवसाच्या भाड्याने घेतली असेल, तर तिच्या आधाराने मांडव बांधणं सगळ्यात स्वस्त पडतं. एक बाजू गाडीला, म्हणजे पुढं दोनच खांब लागतात. पण भाड्याचा टेम्पो माल उतरवून निघून जाणार असेल, तर गाडीला बांधायचा मांडव काय कामाचा? अशा वेळी चार पायांवर स्वतः उभा राहणारा घडीचा मांडव बघावा. दुकानदार त्याला कॅनोपी म्हणतात. तो महाग असतो आणि जडही. म्हणून आधी टेम्पोवाल्या दादांशी बोलून घ्या, मग दुकानात जा.

दुसरी गोष्ट : माप. छोट्या टेम्पोचा हौदा लांबीला साधारण ७ फूट आणि रुंदीला ५ फुटांच्या आत-बाहेर असतो. तरी आपल्या गाडीला टेप लावूनच बघा. अशा गाडीला १२ बाय ९ फुटांची ताडपत्री चांगली बसते. ९ फुटांची बाजू गाडीच्या लांबीला धरायची, म्हणजे हौद्याच्या दोन्ही टोकांना एकेक फूट जास्त मिळतो. १२ फुटांपैकी ५ फूट हौद्यावर जातात, तिथं ठेवलेला माल झाकला जातो. उरलेले ७ फूट पुढं येतात, ते आपलं दुकान. घेताना एक लक्षात ठेवा. दुकानदार कापलेलं माप सांगतो, कडा दुमडून शिवल्यावर ताडपत्री थोडी लहान होते. म्हणून "तयार माप किती?" असं विचारा आणि समोर मोजून घ्या.

तिसरी गोष्ट : जाडी. ताडपत्रीवर जीएसएम लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचं वजन किती ग्रॅम. हा आकडा खरा आहे का, ते तराजूवर कळतं. १२ बाय ९ म्हणजे १०८ चौरस फूट, साधारण १० चौरस मीटर. मग २०० जीएसएमची ताडपत्री दोन किलोच्या जवळपास भरायला हवी आणि २५० जीएसएमची अडीच किलोच्या. लिहिलंय २५० आणि तराजूवर दीड किलो भरली, तर ती ताडपत्री परत ठेवा. बाजाराच्या रोजच्या वापराला २००च्या खाली जाऊ नका. प्लास्टिकच्या विणलेल्या ताडपत्रीवर आयएसआयची खूण असेल तर जवळ आयएस ७९०३ हा क्रमांक आहे का ते पाहा. उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का, तेही विचारा. नाहीतर उन्हाने ताडपत्री कडक होते आणि घडीवर फाटते. कडेच्या धातूच्या रिंगा ओढून बघा. ताडपत्री बहुतेक वेळा मधे फाटत नाही, रिंगेपाशी फाटते. कडेच्या दुमडीत दोरी घालून शिवलेली असेल तर उत्तम.

जाड कापडाची, म्हणजे कॅनव्हासची ताडपत्री सावलीला थंड असते. पण ती जड असते, आणि ओली घडी करून ठेवली तर तिला बुरशी लागते. फक्त उन्हाळ्यातल्या बाजारासाठी हवं असेल तर शेडनेटही चालतं. त्यातून वारा जातो, पण पाऊस अडत नाही.

रंगाचाही विचार करा. निळ्या ताडपत्रीखाली सगळंच निळसर दिसतं. लाल तिखट काळपट दिसतं, साडीचा रंग गिऱ्हाइकाला उन्हात नेऊन दाखवावा लागतो. वरून चंदेरी किंवा पांढरी ताडपत्री ऊन परतवते आणि खाली मालाचा रंग खरा दिसतो.

चौथी गोष्ट : वारा आणि पाऊस. ज्योतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला यात्रा भरते, शिखर शिंगणापूरची यात्राही चैत्रातच. दोन्ही ठिकाणं उंचावर, आणि पुढं दिवस वळवाचे. तेव्हा जरा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या मांडवाचा पुढं आलेला भाग ९ बाय ७ फूट, साधारण ६ चौरस मीटर. २० मिलिमीटरची एक सर आली की त्यावर १२० लिटर पाणी पडतं, म्हणजे २० लिटरचे सहा कॅन! हे पाणी वाहून गेलं तर काही बिघडत नाही. पण ताडपत्रीला मधे झोळ असेल तर ते तिथंच साचतं आणि सगळा मांडव मालावर येतो. म्हणून उतार हवाच. हौद्याच्या कोपऱ्यांत दोन बांबू उभे बांधून मागची कड ८ फुटांवर न्या आणि पुढची कड ६ फुटांवर ठेवा. पुढचा एक कोपरा मुद्दाम आणखी थोडा खाली ओढा. सगळं पाणी त्या एकाच कोपऱ्यातून पडेल, तिथं बादली ठेवा.

आता वाऱ्याचं बघू. ताशी ४० किलोमीटरचा वारा खालून शिरला, तर एवढ्या ताडपत्रीला साधारण ४५ किलोचा जोर लावतो. माती असेल तर खुंट्या मांडवापासून बाहेर झुकवून ठोका आणि दोऱ्या तिरक्या ताणा. डांबरी रस्ता किंवा फरशी असेल तर खुंटी ठोकता येत नाही. तिथं पुढच्या प्रत्येक खांबाला पाण्याने भरलेले २० लिटरचे दोन-दोन कॅन बांधा. दोन्ही खांब मिळून ८० किलो झाले. तेच पाणी दिवसभर वापरायला मात्र काढू नका, नाहीतर संध्याकाळी कॅन रिकामे आणि वारा सुटलेला. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ४५चे १८० किलो होतात. ते कुठलाच कॅन धरत नाही. वावटळ दिसली की माल झाकायचा आणि ताडपत्री सोडायची. म्हणून दोरीला सुरगाठ मारा, निरगाठ नको. एका ओढीत सुटली पाहिजे.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : हा मांडव दोघींना उभारता येतो का? बऱ्याच गटांत माल बायकांचा, मेहनत बायकांची, आणि मांडव बांधायला मात्र कुणाच्या तरी घरच्या माणसाची वाट बघत बसायचं. तो उशिरा आला की सकाळचं गिऱ्हाईक जातं. तो आलाच नाही तर त्या दिवशी बाजारच बुडतो. म्हणून दोघींना पाऊण तासात नव्हे, पंधरा मिनिटांत उभारता येईल असाच मांडव घ्या. घडीचा मांडव घेणार असाल तर दुकानातच दोघींनी उघडून, उचलून, परत मिटून बघा. दुकानदाराच्या पोराने उघडून दाखवला, एवढ्यावर पैसे देऊ नका. ताडपत्री घेतलीत तर बाजाराला जाण्याआधी गावात मोकळ्या जागी दोनदा बांधून बघा. कुठली दोरी कुठं जाते, त्यासाठी दोरीच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून ठेवा.

ज्यांचा खाण्याचा स्टॉल आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. ही ताडपत्री प्लास्टिकची. साधारण १३० अंशांना ती वितळते, आणि पेटलीही. उकळतं तेल त्याहून कितीतरी गरम असतं. शेगडी आणि कढई मांडवाच्या बाहेर, मोकळ्या आकाशाखाली ठेवा. सावली बसणाऱ्यांना आणि मालाला द्या. वाळूची एक बादली हाताशी असू द्या. आणि जत्रेत रात्रीचा मुक्काम असेल, चारी बाजूंनी कनात लावून आपण आत झोपणार असू, तर कोळशाची शेगडी आत कधीच नको, कितीही थंडी असो. तिच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

आता शेवटचा प्रश्न, "केवढ्याला?" समजा, एक ताडपत्री १,००० रुपयांची आणि एकच हंगाम टिकते. दुसरी १,८०० रुपयांची, पण तीन हंगाम टिकते. पहिली वर्षाला हजाराला पडली, दुसरी सहाशेला. स्वस्त कुठली ते तुम्हीच सांगा. मात्र ती तीन हंगाम टिकवणं आपल्या हातात आहे. ओली घडी करू नका, जमिनीवरून ओढू नका, उंदरांपासून उंच टांगून ठेवा. कुणाच्या घरी ठेवायची, कोण कधी नेणार, ते गटाच्या वहीत लिहा. शेजारच्या गटाला भाड्याने दिलीत तर तीही जमा वहीत आलीच पाहिजे.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. टेम्पोला टेप लावून माप वहीत लिहा, आणि दुकानात जायला दोघी जणी ठरवा. जाताना पिशवीत टेप असू द्या, आणि वजन केल्याशिवाय पैसे देऊ नका.