ऑनलाइन ‘माफिया’ खेळताय? आधी नियम ठरवा!

‘माफिया’ हा खेळ १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तयार केला. थोडे माफिया, बाकी सगळे गावकरी. माफिया एकमेकांना ओळखतात, गावकऱ्यांना मात्र कोण कोण हे माहीत नसतं. रात्री माफिया एकाला मारतात, दिवसा सगळे मतदान करून एकाला बाद करतात.

माझ्या एका ऑनलाइन बॅचमध्ये दोघांना समान मतं पडली. नियम ठरलाच नव्हता. मी म्हटलं, “परत मतदान घेऊ.” त्यात जो बाद झाला तो भडकला, “सर, हा नियम आत्ताच कुठून आला?” त्याचं बरोबर होतं! कोणाचं नुकसान होणार हे दिसत असताना केलेला नियम कितीही योग्य असो, पक्षपातीच वाटतो.

म्हणून सुरुवातीलाच ही पाच उत्तरं लिहून ग्रुपवर टाका:

१. समान मतं पडली तर परत मतदान, की कोणीच बाद नाही?
२. बाद झालेल्याने माइक आणि चॅट दोन्ही बंद ठेवायचं ना?
३. खासगी मेसेज कोणी, कधी करायचे?
४. कोणाचं नेट गेलं तर किती मिनिटं थांबायचं?
५. वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? तो सूत्रधाराचा असावा आणि त्याने स्वतः खेळू नये.

धंद्यातही हेच आहे बघा. भागीदारीत नफा कसा वाटायचा हे नफा हातात येण्याआधी ठरवा. नंतर प्रत्येकाला आपलाच हिशोब बरोबर वाटतो!